जुने फॅक्स, मजकूर आणि प्रतिमा: कमांडलाइनवरून रूपांतर कसे करावे

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीत, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याच्या पेढीवर किंवा खानापूर तालुक्यातील एखाद्या पतसंस्थेत जुना संगणक बदलण्याची वेळ आली, की त्याच्या हार्ड डिस्कवर फॅक्सच्या फाइलींचा एखादा फोल्डर सापडण्याची शक्यता बरीच असते. ज्या काळात गिऱ्हाइकाकडून कास्टिंगचे रेखाचित्र, बाजारभावाचे पत्रक किंवा सरकारी कचेरीचे उत्तर फॅक्सनेच येत असे, त्या काळातला हा ऐवज आहे. थर्मल कागदावरील अक्षरे काही वर्षांत उडून जातात, त्यामुळे मोडेमने संगणकावर उतरवून ठेवलेली फाइल हीच पुष्कळदा एकमेव प्रत उरते. सीमाप्रश्नाच्या निवेदनांपासून ते जमिनीच्या वादापर्यंत ज्यांना जुने कागद पुन्हा पुन्हा काढावे लागतात, त्यांना या फाइली आजच्या संगणकावर उघडता येणे गरजेचे वाटते. त्या कशा उघडाव्यात, पीडीएफ किंवा प्रतिमेत कशा न्याव्यात, आणि उलट दिशेने मराठी मजकुराचे फॅक्सयोग्य पान कसे करावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

येथील आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, इंग्रजी अंकांत आणि लहान अक्षरांत टंकाव्यात. जेथे मोठे अक्षर हवे तेथे तसे सांगितले आहे. ‘टिफ’ (फॅक्सची पाने ज्यात साठवतात तो प्रतिमांचा प्रकार) हा शब्द साधनाच्या नावात येतो तेव्हा शेवटी दोन एफ असतात, फाइलीच्या शेपटात, म्हणजे नावातील टिंबानंतरच्या भागात, मात्र एक एफ पुरतो. साधनाच्या नावातील ‘टू’ म्हणजे दोनचा आकडा, आणि रुंदी-उंचीमधील गुणिले चिन्ह म्हणजे एक्स हे लहान अक्षर. कॉम्प्रेस, डेन्सिटी यांसारखे पर्याय इंग्रजी शब्दकोशातील स्पेलिंगनेच लिहायचे असतात. फाइलींना नावे देताना रोमन अक्षरे वापरावीत आणि मध्ये मोकळी जागा सोडू नये. देवनागरी नावे लिनक्सवर चालतात खरी, पण पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर जाताना ती कधीकधी बिघडतात.

साधने

उबुंटू किंवा डेबियन असलेल्या संगणकावर लिबटिफ-टूल्स, इमेजमॅजिक, घोस्टस्क्रिप्ट, पॉप्लर-युटिल्स, पँगो१.०-टूल्स आणि टेसरॅक्ट-ओसीआर ही पॅकेजे बसवली की या लेखातील सगळे काम होते, आणि ती सर्व मोफत आहेत. विंडोज असेल तर विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये उबुंटू घेणे सर्वांत कमी त्रासाचे.

इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत मुख्य आज्ञा मॅजिक आहे आणि तिच्या स्पेलिंगच्या शेवटी सी आणि के ही दोन्ही अक्षरे येतात. सहाव्या आवृत्तीत तिच्या जागी कन्व्हर्ट ही आज्ञा आहे. मूळ विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मात्र कन्व्हर्ट हा शब्द चुकूनही वापरू नये, कारण त्या नावाची विंडोजची स्वतःची आज्ञा डिस्कची फाइल प्रणाली बदलून एनटीएफएस करण्यासाठी आहे आणि तिचा प्रतिमांशी काही संबंध नाही. लिबटिफच्या ४.६ आवृत्तीतून फॅक्सटूटिफ आणि टिफटूपीडीएफ ही साधने वगळली गेली होती आणि ४.७ मध्ये ती परत आली, त्यामुळे एखाद्या संगणकावर ती सापडली नाहीत तर आधी आवृत्ती तपासावी.

आधी ओळख, मग रूपांतर

फाइलीच्या शेपटावर विश्वास ठेवू नये. मोडेमसोबत आलेल्या जुन्या सॉफ्टवेअरनी आपापल्या मर्जीने शेपटे लावलेली असतात, आणि नंतर कोणीतरी ‘उघडत नाही’ म्हणून नाव बदलून पाहिलेले असते. म्हणून पहिली आज्ञा नेहमी ही असावी:

फाइल *

हे साधन फाइलीचे सुरुवातीचे बाइट वाचून तिचा खरा प्रकार सांगते. टिफ फाइल आय आय किंवा एम एम या दोन अक्षरांनी सुरू होते, तर पीडीएफ फाइलीच्या आरंभी टक्क्याच्या चिन्हानंतर पीडीएफ ही अक्षरे असतात. टिफ असे उत्तर आले तर काम सोपे आहे. ‘रॉ जी३ फॅक्स’ किंवा नुसते ‘डेटा’ असे उत्तर आले तर ती शीर्षकविरहित कच्ची फॅक्स फाइल असण्याचा संभव मोठा.

टिफ असेल तर पुढे टिफइन्फो चालवावे:

टिफइन्फो पान.टिफ

जे उत्तर येते त्यातल्या चार ओळी नीट वाचाव्यात. रुंदी १७२८ असेल तर ते ए४ फॅक्सचे पान आहे. बी४ साठी हा आकडा २०४८ आणि ए३ साठी २४३२ असतो. रिझोल्यूशनच्या ओळीत २०४ आणि ९८ दिसले तर पान साध्या प्रतीचे, २०४ आणि १९६ दिसले तर ‘फाइन’ प्रतीचे. कॉम्प्रेशनच्या ओळीत ग्रुप ३ किंवा ग्रुप ४ असे असते. ग्रुप ३ ची पद्धत टी.४ या आंतरराष्ट्रीय शिफारशीत १९८० साली ठरली आणि ग्रुप ४ ची टी.६ मध्ये १९८४ साली. चौथी ओळ फोटोमेट्रिकची, म्हणजे शून्य म्हणजे पांढरे की काळे हे सांगणारी. पान उघडल्यावर काळ्यावर पांढरे दिसत असेल तर गडबड येथे असते.

मूळ फाइलींना हात लावण्यापूर्वी त्यांचा एक संच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्यांच्या बेरजा (चेकसम, म्हणजे फाइलीच्या बाइटांवरून निघणाऱ्या ओळखसंख्या) काढाव्यात. त्यासाठी शा२५६सम ही आज्ञा आहे. तिच्या स्पेलिंगच्या सुरुवातीला एस, एच, ए ही अक्षरे येतात. तिने दिलेली लांबलचक संख्या एका मजकूर फाइलीत जपून ठेवली तर ‘ही फाइल मूळची तशीच आहे’ हे पुढे केव्हाही दाखवता येते. कोर्टकचेरीत जाणाऱ्या कागदांच्या बाबतीत मी हे अनिवार्य मानतो. त्याच कारणाने पानाच्या वरच्या टोकाची, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ दाखवणारी बारीक ओळ कधीही कापू नये, मग ती कितीही कुरूप दिसो.

कच्ची फॅक्स फाइल

कच्च्या फाइलीत रुंदी, रिझोल्यूशन किंवा बिटांचा क्रम यांपैकी काहीच लिहिलेले नसते. त्यात फक्त काळ्यापांढऱ्या धावांचे, म्हणजे एकाच रंगाच्या सलग ठिपक्यांच्या पट्ट्यांचे, संकेत एकापुढे एक असतात. म्हणून ही माहिती आपणच पुरवावी लागते:

फॅक्सटूटिफ -एम -आर ९८ -ओ पान.टिफ पान.जी३

येथे एम आणि आर ही अक्षरे मोठी, ओ लहान. आरनंतरचा आकडा उभ्या रिझोल्यूशनचा. तो दिला नाही तर साधन १९६ धरून चालते, आणि मग साध्या प्रतीचे पान निम्म्या उंचीचे, दबलेले दिसते. मोठा एम बाइटमधला सर्वांत वजनदार बिट आधी वाचायला सांगतो, त्याऐवजी मोठा एल दिला तर क्रम उलटतो. मोडेमांनी दोन्ही प्रकारे फाइली साठवल्या आहेत, त्यामुळे एकाने काळ्या ठिपक्यांचा पाऊस आला तर दुसरा लावून पाहावा. दोन्हींपैकी एकाने पान सुबक येते. पान बी४ असेल तर मोठा एक्स आणि २०४८ हे जोडावे. फाइल ग्रुप ४ ची असेल तर उणे चिन्हानंतर ४ द्यावा.

ग्रुप ३ आणि ग्रुप ४ यांतला एक फरक लक्षात असू द्यावा. ग्रुप ३ मध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी अकरा शून्ये आणि त्यांमागे ‘१’ हा एक अंक असा ओळसमाप्तीचा संकेत असतो, त्यामुळे टेलिफोनच्या तारेवर खरखर होऊन एक ओळ बिघडली तरी वाचक साधन पुढच्या संकेतापाशी पुन्हा सावरते. ग्रुप ४ मध्ये ओळसमाप्तीचा संकेत नाही आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अवलंबून असते, म्हणून एका ठिकाणी बिट चुकला की त्याखालचे सगळे पान वाया जाते. याचाच व्यावहारिक अर्थ असा, की खराब झालेल्या ग्रुप ३ फाइलीतून बहुतेक मजकूर वाचवता येतो. ‘बॅड कोड वर्ड’ अशा सूचना पडद्यावर भराभर येऊ लागल्या तरी घाबरून थांबू नये. पान तयार होऊ द्यावे आणि मग डोळ्यांनी पाहावे. टिफ फाइलीच्या बाबतीत टिफसीपी या टिफची नक्कल करणाऱ्या साधनाला आय हा पर्याय दिला तर ते अशा किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करून पुढे जाते.

साठवणुकीसाठी ग्रुप ४, पाठवण्यासाठी पीडीएफ

एकदा टिफ हाती आली की ती ग्रुप ४ मध्ये नेणे हितावह:

टिफसीपी -सी जी४ जुने.टिफ नवे.टिफ

या रूपांतरात एकही ठिपका बदलत नाही, जागा मात्र बरीच वाचते. ए४ आकाराचे फाइन प्रतीचे पान १७२८ ठिपके रुंद आणि सुमारे २२९२ ओळी उंच असते, म्हणजे दाबल्याशिवाय ठेवले तर जवळजवळ ४९५ किलोबाइट. टंकलिखित पत्रात बहुतांश जागा पांढरी असल्याने ग्रुप ४ मध्ये त्याचा आकार याच्या लहानशा अंशावर येतो. अनेक पाने वेगवेगळ्या फाइलींत असतील तर हेच साधन त्यांना जोडते. आधी सर्व पानांची नावे क्रमाने द्यावीत आणि शेवटी नव्या फाइलीचे.

पीडीएफसाठी इमेजमॅजिकपेक्षा टिफटूपीडीएफ बरे:

टिफटूपीडीएफ -ओ पत्र.पीडीएफ नवे.टिफ

ग्रुप ४ मधील माहिती हे साधन शक्य तेथे जशीच्या तशी पीडीएफमध्ये ठेवते, पान पुन्हा रंगवत बसत नाही. फॅक्सचे पान जेपीजीमध्ये नेणे मात्र टाळावे. जेपीजी ही छायाचित्रांसाठीची पद्धत आहे. काळ्यापांढऱ्या अक्षरांच्या कडांभोवती ती करडी धूळ उठवते आणि फाइलही मोठी करते. प्रतिमा हवीच असेल तर पीएनजी घ्यावी.

उलट, कोणी पीडीएफ पाठवली असेल आणि तिच्या पोटातील फॅक्सची पाने मूळ रूपात हवी असतील, तर आधी पीडीएफइमेजेस ही आज्ञा लिस्ट या पर्यायासह चालवावी. यादीत सीसीआयटीटी असे दिसले तर ती फॅक्स पद्धतीची प्रतिमा आहे. मग

पीडीएफइमेजेस -ऑल पत्र.पीडीएफ पान

असे दिले की प्रत्येक प्रतिमेची कच्ची फाइल आणि तिच्याशेजारी पॅरॅम्स या शेपटाची एक छोटी फाइल तयार होते. या छोट्या फाइलीत फॅक्सटूटिफला कोणते पर्याय द्यायचे ते तयार लिहिलेले असते. ज्याने ही सोय केली त्याला धन्यवाद दिले पाहिजेत.

दबलेले पान सरळ करणे

साध्या प्रतीच्या फॅक्समध्ये आडवे ठिपके इंचाला २०४ आणि उभ्या ओळी इंचाला ९८, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीच्या दुप्पट उंच. टिफमध्ये हे गुणोत्तर लिहिलेले असते, पण ते न जुमानणारे प्रतिमादर्शक पुष्कळ आहेत, आणि त्यांत माणसांची अक्षरे चपटी दिसतात. यावर उपाय:

मॅजिक पान.टिफ -कलरस्पेस ग्रे -रिसॅम्पल ३०० पान.पीएनजी

हे केल्यावर दोन्ही दिशांनी इंचाला ३०० ठिपके होतात आणि कडांवर करड्या छटा येतात. त्या छटा पुसून पुन्हा निव्वळ काळेपांढरे करण्याची घाई करू नये, कारण वाचायला आणि अक्षर ओळखणाऱ्या साधनाला करडी कडा सोयीची पडते. ही प्रत वाचण्यासाठी, ग्रुप ४ ची प्रत साठवण्यासाठी, असा भेद ठेवावा.

मराठी आणि कन्नड पत्रांच्या बाबतीत साध्या प्रतीची मर्यादा इंग्रजीपेक्षा जास्त जाचते. बारा पॉइंटचे अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. साध्या प्रतीत त्याच्या संपूर्ण उंचीला साधारण सोळा ओळी मिळतात. त्यांतच शिरोरेखा, वरची मात्रा, रेफ, अनुस्वार आणि खालचा उकार बसवायचा असतो. अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम एखाद-दुसरी ओळ येते आणि ती मात्रेला चिकटली की ‘के’ आणि ‘कें’ यांत फरक राहत नाही. कितीही रिसॅम्पल केले तरी जे ठिपके तारेवरून आलेच नाहीत ते परत येत नाहीत. म्हणून असे पान टंकून घेताना नावे आणि गावांची नावे अंदाजाने लिहू नयेत, दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावीत.

मराठी मजकुराचे पान करणे

उलट दिशेचे काम, म्हणजे मजकूर फाइलीपासून फॅक्सचे किंवा प्रतिमेचे पान करणे, इंग्रजीत अगदी सरळ आहे. ईफॅक्स या जुन्या संचातील ईफिक्स हे साधन त्यासाठीच आहे: आय या पर्यायाने आत येणाऱ्या फाइलीचा प्रकार, ओ ने बाहेर जाणाऱ्या फाइलीचा प्रकार आणि एन ने पानांच्या नावांचा साचा द्यायचा, की मजकूर, फॅक्स आणि बिटमॅप यांच्यात ते ये-जा करते. पण त्याचा फाँट एका बाइटाला एक अक्षर अशा हिशेबाचा आहे. युनिकोड मराठी त्याच्यापुढे टाकली तर पानभर निरर्थक चिन्हे उमटतात. इमेजमॅजिकचा साधा टेक्स्ट प्रकारही अनेक संगणकांवर जोडाक्षरे मोडतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला टाकतो.

त्यामुळे मराठीसाठी अक्षरांची जोडणी जाणणारे पँगो वापरावे. तत्पूर्वी मजकूर फाइलीची संकेतप्रणाली, म्हणजे अक्षरे आकड्यांत साठवण्याची पद्धत, तपासावी:

फाइल -आय पत्र.टीएक्सटी

येथे यूटीएफ-८ असे उत्तर हवे. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ निवडून जतन केलेली फाइल यूटीएफ-१६ निघते. नोटपॅडने यूटीएफ-८ हे मूळ मानायला विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून सुरुवात केली. अशी फाइल आयकॉन्व्हने बदलता येते:

आयकॉन्व्ह -एफ यूटीएफ-१६ -टी यूटीएफ-८ जुने.टीएक्सटी > पत्र.टीएक्सटी

त्याहून जुन्या, छापखान्यातून किंवा डीटीपी केंद्रातून आलेल्या फाइली श्रीलिपीसारख्या फाँटांत असतात. त्यांत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात, रोमन संकेतांवर मराठी आकार चढवलेले असतात, त्यामुळे आयकॉन्व्ह तेथे काही करू शकत नाही. त्या फाँटाचे खास रूपांतरक मिळाले तर ठीक, नाहीतर तो फाँट असलेल्या संगणकावरच पीडीएफ करून घ्यावी आणि पुढचे काम प्रतिमेवर करावे. मला विचाराल तर दोन-चार पानांसाठी रूपांतरक शोधत बसण्यापेक्षा पुन्हा टंकणे लवकर होते.

मजकूर यूटीएफ-८ मध्ये आला की:

पँगो-व्ह्यू -क्यू --डीपीआय=२०४ --विड्थ=५०० --मार्जिन=१५० --लँग्वेज=एमआर --फाँट="नोटो सेरिफ देवनागरी १४" -ओ पत्र.पीएनजी पत्र.टीएक्सटी

साधनाच्या नावात पँगो आणि व्ह्यू यांच्यामध्ये जोडरेघ आहे. विड्थचा आकडा पॉइंटमध्ये आहे आणि मार्जिनचा ठिपक्यांत. भाषा एमआर म्हणून सांगितली तर, फाँटात सोय असल्यास, मराठी वळणाचे ल आणि श उमटतात. हिंदी वळणाचा ल पाहून भुवया चढवणाऱ्या वडीलधाऱ्यांना पत्र जाणार असेल तर हा पर्याय विसरू नये. पत्रात मध्येच कन्नड पत्ता किंवा तालुका कचेरीचे कन्नड नाव असेल तरी वेगळे काही करावे लागत नाही, कारण दिलेल्या फाँटात जे अक्षर नाही त्यासाठी पँगो संगणकावरचा दुसरा योग्य फाँट आपणच शोधते. मात्र कन्नडचा फाँट बसवलेला असला पाहिजे, नाहीतर चौकोन येतात. अक्षराचा आकार चौदाच्या खाली नेऊ नये. त्याचे कारण वर सोळा ओळींच्या हिशेबात आलेच आहे.

आता या प्रतिमेचे फॅक्सचे पान:

मॅजिक पत्र.पीएनजी -बॅकग्राउंड व्हाइट -ग्रॅव्हिटी नॉर्थ -एक्स्टेंट १७२८×२३८६ -रिसाइझ १७२८×२२९२! -थ्रेशोल्ड ६०% -युनिट्स पिक्सेल्सपरइंच -डेन्सिटी २०४×१९६ -कॉम्प्रेस ग्रुप४ पत्र.टिफ

पहिला आकार इंचाला २०४ या हिशेबाने ए४ चा, दुसरा उभ्या १९६ च्या हिशेबाने. उद्गारचिन्ह ‘गुणोत्तर मोडले तरी चालेल, हाच आकार दे’ असे सांगते. टर्मिनलमध्ये ते अडले तर आकाराभोवती एकेरी अवतरणचिन्हे द्यावीत. पिक्सेल्सपरइंच या शब्दात पी, पी आणि आय मोठे. थ्रेशोल्ड म्हणजे ठिपका काळा की पांढरा हे ठरवणारी सीमा. ती वाढवली तर अक्षरे ठळक होतात, कमी केली तर बारीक. बारीक उकार तुटत असतील तर ६५ करून पाहावे.

हा मार्ग एका पानाच्या पत्रासाठी आहे. पँगो-व्ह्यू लांब मजकुराची एकच उंच प्रतिमा करते आणि ती आंधळेपणाने कापली तर ओळी मधोमध चिरतात. दोन किंवा अधिक पाने असतील तर लिबरऑफिसमध्ये पत्र लावून पीडीएफ करावी आणि ती घोस्टस्क्रिप्टला द्यावी:

जीएस -एसडिव्हाइस=टिफजी४ -आर२०४×१९६ -ओ पत्र.टिफ पत्र.पीडीएफ

यात डिव्हाइस हा शब्द मोठ्या अक्षरांत, त्यामागचा एस लहान, आणि मध्ये मोकळी जागा नाही. ए४ च्या जवळपास येणारी रुंदी घोस्टस्क्रिप्ट आपणहून १७२८ वर आणते. इमेजमॅजिकला थेट पीडीएफ दिली तर पुष्कळ उबुंटू संगणकांवर ‘नॉट ऑथराइज्ड’ अशी अडवणूक होते; सुरक्षिततेसाठी २०१८ पासून ती दारे बंद ठेवलेली आहेत. धोरणाची फाइल उकरून ती उघडत बसण्यापेक्षा घोस्टस्क्रिप्टकडून काम करून घ्यावे.

मोबाइलवर काढलेला फोटो

हल्ली कागद स्कॅन होण्याऐवजी मोबाइलवर टिपला जातो, आणि खिडकीच्या बाजूला उजळ, दुसरीकडे काळोखा असा येतो. त्याला एकच थ्रेशोल्ड लावला तर अर्धे पान काळे होते. शेजारच्या भागाशी तुलना करून ठिपका ठरवणारी पद्धत येथे लागते:

मॅजिक फोटो.जेपीजी -ऑटो-ओरिएंट -कलरस्पेस ग्रे -डेस्क्यू ४०% -निगेट -लॅट ४५×४५+१०% -निगेट -टाइप बायलेव्हल -कॉम्प्रेस ग्रुप४ पान.टिफ

लॅटनंतरचा आकार म्हणजे तुलनेची खिडकी; ती अक्षराच्या रेघेच्या जाडीपेक्षा बरीच मोठी हवी. पहाणीच्या उताऱ्यावर किंवा दाखल्यावर शिक्का असेल तर आधी विचार करावा. लाल शिक्का फोटोच्या लाल वाहिनीत फिका पडून जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याखालचा मजकूर वाचता येतो. हिरव्या किंवा निळ्या वाहिनीत तोच शिक्का गडद राहतो. त्यामुळे मजकूर वाचायचा असेल तर -चॅनेल आर -सेपरेट हे पर्याय ग्रेच्या जागी द्यावेत, येथे आर मोठा. शिक्का हाच पुरावा असेल तर काळेपांढरे करण्याच्या फंदात न पडता रंगीत प्रतच जपावी.

माणसांचे फोटो फॅक्सच्या पानात बसवायचे असतील तर ऑर्डर्ड-डिदर हा ठरावीक साच्यात ठिपके मांडून छटा दाखवणारा पर्याय वापरावा. विस्कळीत ठिपक्यांच्या पद्धतीने छटा दाखवल्या तर ग्रुप ४ ची दाबण्याची पद्धतच कोलमडते, कारण ती लांब एकसलग धावांवर उभी आहे.

अक्षरओळख आणि घाऊक काम

टेसरॅक्टला मराठी आणि कन्नड दोन्ही येतात. त्यांची पॅकेजे मार आणि कान या सांकेतिक नावांनी मिळतात.

टेसरॅक्ट पान.पीएनजी पत्र -एल मार+कान+इंग पीडीएफ

याने वरून मूळ चित्र दिसणारी आणि आतून शोधता येणारी पीडीएफ तयार होते. तिन्ही भाषा एकदम दिल्या तर वेळ जास्त लागतो आणि साधन कधी मराठी आकड्याला कन्नड आकडा समजते, म्हणून जी पाने निव्वळ मराठी आहेत ती वेगळी काढून फक्त मार देऊन चालवावीत. साध्या प्रतीच्या फॅक्सवरील ओळख शोधण्यापुरतीच मानावी. सर्व्हे नंबर, रक्कम आणि तारीख डोळ्यांनी मूळ पानावर वाचल्याशिवाय कोठेही उतरवू नये.

फोल्डरभर फाइली एकदम बदलायच्या असतील तर मॉग्रिफाय उपयोगी पडते, पण त्याचा स्वभाव ओळखून असावे: नवा प्रकार किंवा नवी जागा सांगितली नाही तर ते मूळ फाइलीवरच लिहिते. म्हणून आधी रिकामा फोल्डर (येथे ‘वाचन’) करावा आणि मग

मॅजिक मॉग्रिफाय -पाथ वाचन -फॉरमॅट पीएनजी -कलरस्पेस ग्रे -रिसॅम्पल ३०० *.टिफ

असे द्यावे. एका टिफमध्ये अनेक पाने असतील तर प्रत्येक पानाची वेगळी पीएनजी तयार होते आणि नावापुढे शून्यापासून क्रमांक लागतो. काम संपल्यावर टिफइन्फोने मोजलेली पाने आणि नव्या फोल्डरातील फाइली यांची संख्या जुळते का ते पाहावे. जुळत नसेल तर बहुधा एखादी फाइल मध्येच तुटलेली असते आणि तिच्यासाठी टिफसीपीचा आय पर्याय लावावा लागतो.